वश्ती कोणत्या बाजूला उभी राहिली

त्या रविवारी ब्रॉडनॅक्सांच्या टेबलावर मीठ मागायचीसुद्धा पंचाईत होती. कोणी कोणाकडे मीठ मागितलं यावरून तो कोणाच्या बाजूचा, हे बाकीचे मनातल्या मनात ठरवून टाकत होते. तीन वाजता काळ्या लोकांच्या न्यू हेब्रोन बाप्टिस्ट चर्चमध्ये मंडळीची, म्हणजे सगळ्या सभासदांची, सभा होती आणि सभेपुढे ठराव एकच होता: पाळक अँसल टीग यांचं व्यासपीठ रिकामं झालं असं जाहीर करावं. साध्या भाषेत, चर्चच्या धर्मगुरूला, म्हणजे पाळकाला, काढून टाकावं. ठराव मांडणार होते चर्चच्या कारभाऱ्यांतले थोरले, मुख्य डीकन होझिया ब्रॉडनॅक्स, म्हणजे पाळकाचे सख्खे सासरे. आणि पाळकाची बायको वश्ती, होझियांची थोरली मुलगी, त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून कोंबडीचा एकच तुकडा बशीत इकडून तिकडे फिरवत होती.

अँसल जेवायला आला नव्हता. सभेच्या दिवशी तो उपास करायचा. त्याची खुर्ची मात्र कोणी उचलली नव्हती आणि सगळे तिच्याकडे तोंड करून बोलताना आवाज खाली आणत होते, जणू तो तिथे झोपलाय.

भांडण मार्चपासून शिजत होतं. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आणि गुरुवारी अँसल लोकांना मतदार नोंदणीचा अर्ज भरायला शिकवत होता. अर्ज चार पानी. वर कोर्टातला कारकून राज्यघटनेतला कुठलाही परिच्छेद काढून त्याचा अर्थ विचारायचा, आणि काळ्या माणसाने काहीही सांगितलं तरी तो अर्थ चुकीचाच निघायचा. सात महिन्यांत त्रेपन्न जण गेले, यादीत नाव चढलं दोघांचं. अँसल दोनदा तुरुंगात जाऊन आला. तीन कुटुंबांना मालकांनी जमिनीवरून हाकललं. विमा कंपनीने चर्चचा आगीचा विमा बंद केला. आणि सप्टेंबरात चौदा मैलांवरच्या एका चर्चची रातोरात राख झाली, तेव्हापासून न्यू हेब्रोनच्या लोकांना अंगणात पाला जाळला तरी धस्स व्हायला लागलं.

"पप्पा, तुम्ही खुशाल ठराव मांडा," थर्मन म्हणाला. थर्मन म्हणजे वश्तीचा पाठचा भाऊ, कोरियाच्या लढाईतून एक कान बहिरा करून आलेला आणि आता लाकडाच्या गिरणीत कामाला. "पण त्यानंतर मी बोलणार. आणि मला मध्ये खाली बसवायचं नाही."

होझियांनी मान हलवली. ना हो, ना नाही. साठ ओलांडलेला उंच माणूस, टेबलावर फार बोलायची सवयच नव्हती त्यांना. थर्मनची बायको कोरीन मात्र गप्प बसली नाही. ती काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. गुरुवारी गोऱ्या शिक्षण अधिकाऱ्याने तिला कचेरीत बोलावलं होतं, हे तिने आज तिसऱ्यांदा सांगितलं. तुझ्या घरचे कोणत्या चर्चला जातात, एवढंच विचारलं म्हणे. पण विचारायच्या आधी त्याने तिला खुर्ची दिली. अकरा वर्षांत त्या कचेरीत तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. ती खुर्ची बघूनच आपली नोकरी गेली असं तिने धरलं होतं.

"म्हणजे एका खुर्चीपायी पाळक घालवायचा," थर्मन म्हणाला.

"तुमच्या गिरणीत खुर्चीच नसते. तुम्हाला काय कळणार."

वश्तीला हसूही आलं आणि रडूही. तिने आर्डेला आत्याकडे बघितलं. आत्या बशीतल्या बटरबीन्स, त्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया, एकेक करून खात होती. होझियांची ही बिनलग्नाची बहीण अडतीस वर्षं मंडळीची चिटणीस होती. सभासदांची नोंदवही, सभांची टिपणं, कोणाचा बाप्तिस्मा कधी, कोण वारलं कधी, सगळं तिच्या ताब्यात. तुझं मत काय, असं थर्मनने तिला विचारलं, तर ती म्हणाली की मत सभेत देतात, जेवणाच्या टेबलावर दिलेलं मत मी लिहून घेत नाही. आणि रताळ्याच्या गोड पाईची बशी पुढे ओढली.

वश्तीला सगळ्यांचं पटत होतं, हीच तर गोची होती. थर्मन बोलला की वाटायचं, बरोबर आहे, अशा वेळी पाळकाला काढणं म्हणजे सगळ्यांनीच माना खाली घालणं. कोरीन बोलली की वाटायचं, हिची नोकरी गेली तर चार माणसं खाणार काय. आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे नजर गेली की काहीच वाटायचं नाही, नुसती भीती वाटायची.

ताटं उचलताना होझियांनी तिला खुणेने मागच्या अंगणात बोलावलं.

पिकानच्या झाडाखाली ते उभे होते. जमिनीवरून अक्रोडासारखी दोन टणक फळं उचलून मुठीत एकमेकांवर दाबत होते, पण फोडत नव्हते. पप्पांच्या चेहऱ्यावर असं काही तिने एकदाच बघितलं होतं, आई गेली त्या दिवशी.

"शुक्रवारी," ते म्हणाले. "गोऱ्यांच्या हायस्कूलचा फुटबॉलचा सामना आहे. शेरीफसकट सगळे मैदानावर असतील. तेव्हा चर्च पेटवणार आहेत. आणि तुमचं घरही."

वश्तीला आधी शब्दच कळले नाहीत. मग एकदम कळले आणि तिने झाडाला हात लावला.

होझिया एकतीस वर्षं एका गोऱ्या मालकाच्या बी-बियाणांच्या दुकानात काम करत होते. एकतीस वर्षांत त्या दुकानातले लोक त्यांच्यासमोर बोलायला इतके सरावले होते की पोती उचलणारा माणूस आणि पोतं यात त्यांना फरक दिसत नव्हता. मंगळवारी मागच्या खोलीत चौघं बसून बोलले आणि होझिया त्यांच्या पायाशी सांडलेलं बी झाडून घेत होते. अँसल गेला, तळघरातले वर्ग थांबले, तर मग कशाला काडी वाया घालवा, असंही त्यातला एक म्हणाला होता. त्याच एका वाक्याला धरून होझियांनी ठराव लिहिला होता.

"मी त्यांना सांगते," वश्ती म्हणाली.

"सांगितलंस तर तो इंचभर हलणार नाही. नवऱ्याला ओळखतेस ना. थर्मनला सांगितलं तर तो बंदूक घेऊन पायरीवर बसेल आणि मग त्यांना हवंच ते मिळेल. आणि हे मी ऐकलं असं बाहेर फुटलं, तर उद्या दुकानात मी जाणार नाही, पोरी. मग मला कुठे शोधायचं तेही तुम्हाला कळणार नाही."

"मग मी काय करू, पप्पा?"

"ठरावाच्या बाजूने उभी राहा. पाळकाची बायको उभी राहिली की कुंपणावर बसलेले चार-पाच जण उभे राहतील. ओहायोत, मिशिगनमध्ये चर्च काय कमी आहेत? तो जिवंत असला तर कुठेही उपदेश करेल."

ते आत गेले. वश्ती तिथेच उभी राहिली. बापाने तिच्या हातात नवऱ्याचा जीव ठेवला होता आणि वर बजावलं होतं की त्याला सांगू नकोस. दहा-बारा वर्षांच्या संसारात तिने अँसलपासून फक्त एकच गोष्ट लपवली होती, ती म्हणजे तो गाताना बेसूर होतो. आता ही दुसरी. तिला पप्पांचा राग आला आणि लगेच त्यांच्या पाठीकडे बघून त्यांची कीवही आली. डोकं नुसतं भणभणत होतं.

पाळकाचं घर चर्चला लागूनच. ती गेली तेव्हा अँसल पलंगाच्या कडेला नुसते मोजे घालून बसला होता. समोर पॉलिश केलेले बूट ठेवले होते आणि तो त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. आपल्या मुलींना तिने सकाळीच शेजारच्या गावी चुलतीकडे पाठवलं होतं. घर गप्प होतं.

"काय म्हणतात सासरेबुवा?" त्याने विचारलं.

"ठराव मांडणार आहेत."

"मांडू देत. माझ्यावर राग नाही त्यांचा, एवढं मला कळतं. बाकी काही कळत नाही."

शुक्रवार हा शब्द तिच्या दाताशी आला. तिने तो गिळला. मग नुसतं विचारलं, "तुम्हाला राहायचंय का, अँसल? मला खरं सांगा."

त्याने एक बूट उचलला आणि परत खाली ठेवला. मग म्हणाला, "सकाळी उठलो की राहायचं असतं. दुपारपर्यंत जायचं असतं."

"आत्ता किती वाजले?"

"अडीच."

दोघंही हसले. पण हसता हसता त्याचा हात थरथरायला लागला आणि त्याने तो मांडीखाली घातला. तुरुंगातून दुसऱ्यांदा आल्यापासून हा हात असा थरथरायचा. तो म्हणाला, मंडळीने बोलावलं म्हणून आलो, मंडळी म्हणेल तर जाईन. स्वतःहून जायला मात्र जमणार नाही, कारण मग माझ्या वर्गात येणाऱ्या सिस्टर झिपोरा गेन्सला तोंड कसं दाखवू. कधीकधी वाटतं, काढून टाकलं तर सुटलो. आणि असं वाटलं की दिवसभर देवाशी नजर मिळवता येत नाही.

"आणि मी? मी कुठे उभी राहू?"

"ते मी सांगितलं तर ते माझं मत झालं. मग मंगळवारी-गुरुवारी तळघरात मी काय शिकवतोय लोकांना?" त्याने बूट ओढला. "तुला वाटेल तिथे उभी राहा. मी तुला विचारणार नाही."

शुक्रवार पुन्हा एकदा जिभेवर आला. तिने त्याच्या बुटाची नाडी बांधून दिली आणि उठली.

न्यू हेब्रोनचा नियम असा की पाळकाविषयी सभा असली की पाळकाने आत बसायचं नाही. अँसल आपल्या जुन्या गाडीत जाऊन बसला, काच खाली करून. अध्यक्ष झाले सर्वांत वृद्ध डीकन मेरीवेदर, वय एक्याऐंशी, काठी टेकत. पहिल्या बाकावर पांढरे कपडे घातलेल्या म्हाताऱ्या, दारांशी पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक, आणि बाजूच्या छोट्या टेबलाशी नोंदवही, पेन्सिल, आर्डेला आत्या. वश्ती नेहमीच्या दुसऱ्या बाकावर बसली. नऊ वर्षं ती त्याच जागी बसत होती.

होझियांनी ठराव दोन वाक्यांत मांडला. कारण म्हणून एवढंच म्हणाले की मंडळीचं भलं यातच आहे. थर्मन मात्र तडकला. आजवर आपण घाबरून जे जे सोडलं ते कधी परत मिळालं का, असं त्याने विचारलं, आणि बापाकडे न बघता विचारलं. एक जण म्हणाला, ज्या तिघांना जमिनीवरून हाकललं त्यांना पाळक जेवायला घालणार आहेत का. दुसरा म्हणाला, घातलंयच की, मागच्या महिन्यात कोणाच्या ओट्यावर बसून खाल्लंस तू. मग पहिल्या बाकावरून सिस्टर झिपोरा गेन्स उठली. जन्मभर गोऱ्यांचे कपडे धुतलेली बाई, चार वेळा कोर्टातून परत पाठवलेली.

"मी पाचव्यांदा जाणार आहे," ती म्हणाली. "पाळक गेले तर माझ्याबरोबर कोण येतंय, ते आत्ताच हात वर करून सांगा."

एकही हात वर झाला नाही. बाई खाली बसली.

वश्तीला वाटलं, झालं, आता हिच्या बाजूने उभं राहायचं. पण पप्पांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं, एकदाच, आणि तिला त्यांच्या डोळ्यांत शुक्रवार दिसला. तिला आपलं घर पेटलेलं दिसलं आणि खिडकीत नुसत्या मोज्यांत उभा असलेला अँसल दिसला. मेरीवेदर म्हणाले, जे ठरावाच्या बाजूने आहेत त्यांनी उभं राहावं. तिचं मन अजून काहीच ठरवत नव्हतं. पाय उठले.

चर्चमध्ये जो आवाज झाला तो तिला जन्मभर विसरता येणार नव्हता. सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला, एवढंच. थर्मनने तोंडावर हात ठेवला. आणि पप्पा म्हणाले होते तसंच झालं, मागच्या बाकांवरून एक, मग दोन, मग आणखी तीन जण उभे राहिले. मेरीवेदर काठीने एकेकाकडे बोट करत मोजत होते. तिच्यावर काठी आली तेव्हा क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

बेचाळीस.

मग विरुद्ध बाजू उभी राहिली. थर्मन, झिपोरा गेन्स, स्वतः मेरीवेदरही काठी टेकत आपल्याच जागेवर ताठ झाले. आणि कोरीन. जेवणाच्या टेबलावर तीन वेळा खुर्चीची गोष्ट सांगणारी कोरीन पर्स छातीशी धरून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. थर्मन तिच्याकडे बघतच राहिला. वश्तीने मान खाली घातली. जिने भीती बोलून दाखवली ती उभी होती, आणि गप्प बसून आपण लोकांना शूर वाटत होतो.

एक्केचाळीस.

एका मताने. मेरीवेदरांनी घसा खाकरला, ठराव मंजूर म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने पेन्सिल वर धरली.

"टिपणात घ्यायच्या आधी एक गोष्ट. सिस्टर वश्ती टीग यांचं नाव नोंदवहीत नाही."

कोणालाच कळेना. मेरीवेदर म्हणाले, "आर्डेला, तुझी भाची आहे ती. इथल्याच ओढ्यात तिचा बाप्तिस्मा झाला. मी काठावर होतो."

"बाप्तिस्मा एकोणीसशे चाळीस, ऑगस्ट," आत्या म्हणाली. तिला पान बघायची गरज नव्हती, तरी तिने बघितलं. "एकोणीसशे पन्नासात लग्न झालं. नवरा सव्हाना शहरात पाळक, म्हणून तिचं सभासदपत्र सव्हानाच्या मंडळीला पाठवलं. मीच लिहिलं होतं. त्रेपन्नात दोघं इथे आले. पाळकाचं पत्र मागवायचा ठराव झाला, पाळकाचं पत्र आलं. हिचं पत्र मागवायचा ठराव कोणी मांडला नाही. ठरावाशिवाय मी पत्र मागवत नाही. ती अजून सव्हानाची सभासद आहे."

नऊ वर्षं प्रभुभोजन घेतलं, बायकांचं मंडळ चालवलं, रविवारची शाळा चालवली, प्रत्येक मयताच्या घरी जेवण पोचवलं. सगळ्यांनी धरून चाललं होतं की होझियांची पोर आपलीच. आपल्याच घरात जन्मलेल्या मुलीला कोणी दारात थांबवून चिठ्ठी मागतं का? तो ठराव मांडायचं काम मुख्य डीकनचं. म्हणजे होझियांचं.

होझियांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते उठले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"कोर्टातला कारकून आपल्या लोकांशी जे करतो, तेच तू करतेयस, आर्डेला."

"तो खोटं पुस्तक चालवतो," आत्या म्हणाली. "माझं पुस्तक खरं आहे. आज तुझ्यासाठी खोटं केलं तर उद्या मी त्याला कुठल्या तोंडाने बोलू?"

मेरीवेदरांनी बोटांवर वजाबाकी केली. एक्केचाळीस, एक्केचाळीस. बरोबरी झाली की ठराव पडतो, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ते मोठ्याने सांगितलं. कोणी टाळी वाजवली नाही. जिंकणाऱ्यांनाही आपण जिंकलो की नाही याची खात्री वाटत नव्हती.

वश्ती तशीच बसून होती. कान तापले होते. भर मंडळीत नवऱ्याच्या विरोधात उभी राहिली, आणि त्या उभं राहण्याला काही किंमतच नव्हती. अँसल राहणार. शुक्रवार येणार. तिने आत्याकडे बघितलं. हे आत्याला जेवणाच्या टेबलावर माहीत होतं, अडतीस वर्षांत तिला नोंदवहीतलं माहीत नाही असं काही नव्हतं. मग आधी का नाही बोलली? भाचीने कोणत्या बाजूला उभं राहावं याची वाट बघत होती? की उठेपर्यंत तिलाही ठरवता आलं नव्हतं? आत्याने वही मिटली आणि तिच्याकडे न बघता चष्मा पुसायला घेतला.

एका स्वयंसेवकाने अँसलला आत आणलं. तो मधल्या वाटेने आला तेव्हा सगळे उभे राहिले. मेरीवेदरांनी सांगितलं, ठराव पडला, पाळक राहतील. किती मतांनी, कोण कुठे, हे नियमाने सांगत नाहीत. अँसलने मान लववली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्याने वश्तीकडे बघितलं आणि आपल्या शब्दाला जागून लगेच नजर काढून घेतली. ते तिला सहन झालं नाही.

न्यू हेब्रोनमध्ये कुठलीही सभा दार उघडल्याशिवाय संपत नाही. कितीही भांडण झालेलं असो, पुढे दोन खुर्च्या मांडायच्या आणि पाळकाने विचारायचं, मंडळीत यायला कोणी आहे का. सभेच्या दिवशी कोणीच येत नाही, तो उपचार असतो. अँसलने हात पुढे केला आणि म्हणाला, दार उघडं आहे.

वश्ती उठली. लोकांना वाटलं, शरमेने बाहेर चालली. तीही क्षणभर दाराकडेच वळली होती. मग ती पुढे गेली आणि खुर्चीत बसली.

अँसल खाली उतरला. तो पार गोंधळला होता. बायको त्या खुर्चीत का, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण बारा वर्षांची सवय तोंडात होती. त्याने प्रत्येकाला विचारायचं तेच विचारलं.

"बहिणी, तू कशाने येतेस? पत्राने, बाप्तिस्म्याने, की आपल्या अनुभवाने?"

"पत्र सव्हानात राहिलंय," ती म्हणाली. "अनुभवाने येते."

अनुभवाने, म्हणजे पत्राशिवाय स्वतःच्या साक्षीवर, येणाऱ्याने तो अनुभव सांगायचा असतो. सगळे थांबले.

"आज तुम्हाला काढायला मी उभी राहिले, रेव्हरंड. माझं नाव पुस्तकात नाही, म्हणून मत धरलं गेलं नाही. मी बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. तुम्ही मला जिवंत हवे आहात, एवढंच कळतं. पुढच्या सभेत मी परत विरोधात उभी राहीन, किंवा नाही राहणार. पण ते मोजलं जाईल अशा ठिकाणी मला उभं राहायचंय. चर्च राहो न राहो, मला आत घ्या."

अँसल तिच्याकडे बघत राहिला. त्याचा उजवा हात थरथरायला लागला आणि या वेळी त्याने तो लपवला नाही.

मंडळीत कोणालाही घ्यायचं तर सभासदाने ठराव मांडावा लागतो. पाळकाला तो मांडता येत नाही. मेरीवेदरांनी विचारलं, कोण मांडतंय. थर्मन अर्धवट उठला, पण त्याच्या आधी होझिया उभे होते. दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरून.

"मी मांडतो. नऊ वर्षांपूर्वी मांडायला हवा होता. माझी चूक." ते थांबले. वश्तीने मान हलवली, नको, पप्पा, नको. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. "आणि आणखी एक. येत्या शुक्रवारी फुटबॉलच्या सामन्याच्या वेळी हे चर्च आणि पाळकाचं घर पेटवणार आहेत. मी माझ्या कानांनी ऐकलंय. दुकानाच्या मागच्या खोलीत. नावं चार आहेत, चारही मला माहीत आहेत. पोरीने मत दिलं ते माझ्या सांगण्यावरून. तिच्याकडे कोणी वाकडं बघू नका, माझ्याकडे बघा."

एकतीस वर्षं जो माणूस दुकानात काही ऐकू येत नसल्यासारखा राहिला, तो ऐंशीहून जास्त माणसांसमोर बोलून मोकळा झाला होता. त्या सगळ्यांत एकाचंही तोंड सैल निघालं तर उद्या सकाळी काय होईल, हे पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनाही कळत होतं. एक जण देवाचं नाव घेऊन खाली बसला. थर्मन बापाकडे असा बघत होता, जणू हा माणूस त्याने आजच पाहिला. सगळीकडून एकदम कुजबुज उठली, मेरीवेदर काठी आपटत राहिले आणि शेवटी हताश होऊन चिटणिसाच्या टेबलाकडे वळले.

"आर्डेला, हे कसं धरायचं? ठरावात धरायचं का?"

आत्याने वही उघडली होती. पेन्सिल ठेवून तिने शाईचं पेन हातात घेतलं होतं आणि तिचा आवाज आज पहिल्यांदा कापत होता.

"एका वेळी एक ठराव. आधी मुलीचा. अनुमोदन कोणाचं?"

"माझं," कोरीन म्हणाली.

मग हात वर झाले. मेरीवेदरांनी काठीने मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या बाकापाशी मोजणं सोडून दिलं. आधीच्या ठरावाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, आता कोणता हात कोणाचा ते ओळखू येत नव्हतं. अँसलने वश्तीचा हात हातात घेतला. तिने त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. पप्पा अजून उभेच होते, बाक एका हाताने धरून, दुसरा हात वर. त्यांच्या शेजारच्या दोघांनी दोन्ही बाजूंनी त्यांना सरकून जागा करून दिली, पण ते बसले नाहीत.